बागानच्या गॅलरीत आम्ही तिघं

१ मे २०२४, बुधवार

२९ एप्रिलला आयएसएल या फुटबॉल लीगच्या सेमीफायनलमध्ये आपल्या मुंबई सिटीने अंधेरीत गोव्याला २-० ने घालवलं, सेमीफायनलच्या दोन्ही मॅच मिळून ५-२, आणि स्टेडियमच्या गेटमधून बाहेर पडायच्या आधीच मावसभाऊ म्हणाला, "कोलकात्याला जायचं." फायनल ४ मेला, तिथल्या सॉल्ट लेक स्टेडियमला, मोहन बागान क्लबच्या घरात. आधी फायनल न्यूट्रल ग्राउंडला व्हायची, या सीझनला पॉइंट टेबलमध्ये वर असलेल्या टीमच्या घरी. म्हणजे १५ एप्रिलला ज्या ग्राउंडवर आपण २-१ हरलो आणि लीग शील्ड (पॉइंट टेबलमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमला मिळते ती, कप वेगळा) त्यांच्या हातात देऊन आलो, त्याच ग्राउंडवर तीन आठवड्यांच्या आत परत.

विमानाची भाडी बघितली आणि मोबाइल उलटा ठेवला. आज सुट्टी, महाराष्ट्र दिन, झेंडावंदनाचा आवाज सोसायटीत चालू आणि आम्ही दोघं दोन लॅपटॉपवर तत्काळ उघडायची वाट बघत बसलेलो. गीतांजलीचं थ्री एसी मिळालं. मॅचच्या तिकिटांचं वेगळंच. मुंबईवाल्यांच्या ब्लॉकसाठी फोनाफोनी केली, पण आम्ही जागे होईपर्यंत तिथलं काही उरलं नव्हतं, मग ऑनलाइन जे मिळालं ते घेतलं, तीन सीट, चक्क बागानच्या गॅलरीत.

तीन कारण तिसरे नाना. नाना माझ्या बाबांचे मित्र, बेस्टमधून रिटायर झालेले, नायगावात राहतात. वयाच्या सतराव्या वर्षापासून कूपरेजच्या फुटबॉल ग्राउंडवर पडीक असायचे. मुंबई सिटी त्यांना फार आवडते असं काही नाही ("दहा वर्षांचं पोर आहे ते, मोठं होऊ दे"), पण मोहन बागान म्हटल्यावर लगेच बॅग भरली. मावसभावाने त्यांना स्पष्ट विचारलं की नाना तुम्ही नक्की कुणाकडून? नाना म्हणाले, "मुंबईकडून रे. पण बघायला बागानला येतोय."

२ मे, गुरुवार

सकाळी ६ ला सीएसएमटी. निळी जर्सी घालून निघायचं की नाही यावर घरीच चर्चा झाली होती, शेवटी जर्सी बॅगेत तळाशी आणि अंगावर राखाडी टीशर्ट. ट्रेनचं काय सांगायचं, इगतपुरीला वडापाव, भुसावळपासून पुढे खिडकीला हात लावला तर चटका, नागपूरला संध्याकाळी उतरून पाय मोकळे केले, गोंदियानंतर झोप.

मधल्या वेळात नाना बोलत होते. रोव्हर्स कप. आमच्या पिढीला हे नावसुद्धा माहीत नाही, मला पण नानांमुळेच माहीत. १८९१ साली मुंबईत सुरू झालेली टूर्नामेंट, आणि कोलकात्याची मोठी टीम आली की कूपरेज भरायचं. १९७७ ला बागानने आयएफए शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स या तिन्ही मोठ्या टूर्नामेंट जिंकल्या, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस टीमबरोबर ईडन गार्डन्सला येऊन गेला आणि बागानने ती मॅच २-२ सोडवली. नाना तेव्हा सतरा वर्षांचे. हबीब, अकबर, श्याम थापा, गौतम सरकार, त्या बागानच्या टीमची ही नावं ते अशी घेतात जशी आपण शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलांची घेतो. शेवटचा रोव्हर्स कप २००१ च्या आसपास झाला तो पण बागाननेच नेला. "कूपरेजवरून शेवटचा कप उचलून घेऊन गेले ते परत आलेच नाहीत," असं म्हणून नाना वरच्या बर्थवर चढले.

मावसभाऊ त्या वेळी फोनवर बागान फॅन्सच्या पोस्ट वाचत होता. "प्लास्टिक क्लब", "शेखचे पैसे", "अंधेरीत सात हजार लोक पण येत नाहीत" वगैरे. पैशाचं खोटं नाही, २०१९ ला मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या ग्रुपने आपल्या क्लबचे ६५ टक्के शेअर्स घेतले, त्यानंतरच आपण जिंकायला लागलो. आणि अंधेरीची कपॅसिटीच तेवढी आहे त्याला आम्ही काय करू. पण त्याला हे टोचत होतं, जाम टोचत होतं, आणि खरं तर मलाही.

३ मे, शुक्रवार

दुपारी हावडा. एसी डब्यातून बाहेर आल्यावर जी हवा लागली तिचं वर्णन करत नाही, ३० एप्रिलला कोलकात्यात ४३ डिग्री झालं होतं आणि आम्ही पोचलो तेव्हा त्यातलं फार काही कमी झालेलं नव्हतं. मुंबईचा घाम वेगळा. तिथे डोकं पण तापतं.

हावड्याहून एस्प्लनेडला नदीखालून मेट्रोने गेलो. मार्चमध्येच चालू झाली होती, १० रुपये तिकीट, स्टेशन इतकं खोल की सरकते जिने संपतच नाहीत, आणि हुगळीखालून जाताना बोगद्यात निळे लाइट लावलेत तेव्हा अख्खा डबा मोबाइल वर करून शूटिंग करतो. पाऊण मिनिटात नदी संपते. नाना म्हणाले हे काय, मी पूल बघायला आलो होतो. ही लाइन तेव्हा एस्प्लनेडला संपायची, पुढे सियालदाहून परत दुसरा तुकडा, मध्ये बस. बसच्या खिडकीतून भिंतीच भिंती, निवडणूक चालू होती ना, अख्ख्या भिंती रंगवून उमेदवारांची नावं, व्यंगचित्रं, कविता पण. आपल्याकडे फ्लेक्स, तिकडे ब्रश.

लॉज सियालदाजवळ. मॅनेजरने आधार कार्ड बघितलं, मुंबई वाचलं, परत आमच्याकडे बघितलं. "फायनल?" मी उगाच इकडे तिकडे बघून हो म्हटलं. त्याने ड्रॉवर उघडला आणि आतला लाल-पिवळा स्कार्फ दाखवला. ईस्ट बंगाल, बागानचे शहरातले कट्टर दुश्मन! त्याचे आजोबा फाळणीच्या वेळी बारिशालहून आलेले, घरात बापजन्मी कुणी बागानचा हिरवा-मरून रंग घातलेला नाही म्हणे. जानेवारीत सुपर कप ईस्ट बंगालने जिंकला हे त्याने पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं, चहा मागवला, पैसे घेतले नाहीत, आणि खोलीची किल्ली देताना बोट नाचवत म्हणाला, "काल जितबेन किंतु!" उद्या जिंकायचं हं. आमच्या पूर्ण ट्रिपमध्ये मुंबई सिटीचा सगळ्यात कडवा सपोर्टर हा माणूस होता.

संध्याकाळी ऊन कमी झाल्यावर मैदान. मैदान म्हणजे तिथलं शिवाजी पार्क म्हणाल तर चूक, ते कितीतरी मोठं आहे, आणि त्यात एका बाजूला सगळे जुने क्लब. क्लबच्या घराला अजून 'टेंट' म्हणतात. जमीन मिलिटरीची. मोहन बागानचा टेंट, थोडं पलीकडे ईस्ट बंगालचा, मोहम्मडन पण तिथेच, बाजूला ईडन गार्डन्स. सगळे एकमेकांचे शेजारी! आमची कल्पना होती की दोन दुश्मन क्लब म्हणजे शहराची दोन टोकं असतील.

बागानच्या टेंटबाहेर दुसऱ्या दिवसासाठी झेंड्यांचा धंदा जोरात. नौकेचा लोगो, पाल लावलेली होडी. आत जायला मेंबरशिप लागते पण नानांनी गेटवरच्या म्हाताऱ्या माणसाशी हिंदीत काहीतरी सुरू केलं, १९७७, हबीब, कूपरेज, आणि पाच मिनिटांनी आम्ही आत. १९११ च्या अकरा जणांबद्दल त्या माणसाने सांगितलं ते त्याच्याकडून ऐकायला मजा आली. २९ जुलै १९११, आयएफए शील्डची फायनल, समोर गोऱ्यांची ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, बागान २-१ ने जिंकलं. शिवदास भादुरी कॅप्टन, दुसरा गोल अभिलाष घोषचा, अनवाणी खेळलेले सगळे, एका सुधीर चॅटर्जीच्याच पायात बूट. हे सगळं तो असं सांगत होता की परवाची मॅच. १८८९ चा क्लब. आमचा २०१४ चा. मावसभाऊ गप्प होता. मी त्याला म्हटलं काय झालं, तर म्हणे काही नाही, चल स्ट्यू खाऊ.

मैदानाच्या कँटीनचं स्ट्यू-टोस्ट हे एक प्रकरण आहे. पातळ चिकन स्ट्यू, त्यात गाजर, बटाटा, पपई, वर मिरपूड, आणि बटर लावलेला जाड पाव. दिसायला हॉस्पिटलचं जेवण, चवीला भारी. प्रॅक्टिसनंतर प्लेयर लोक हेच खायचे. तिखटाशिवाय जेवण जात नाही अशांनी पण खाऊन बघा.

४ मे, शनिवार

सकाळी श्यामबाजारकडे गेलो कारण तिकडे मोहन बागान लेन आहे. क्लब जिथे जन्माला आला तो भाग. गल्लीत विशेष बघण्यासारखं काही नाही, घरं, गच्च्या, कपडे वाळत घातलेले, पण त्या दिवशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरव्या-मरून पताका होत्या. मासळी बाजारात नानांनी कोलंबीचा भाव विचारला. तिकडे कोलंबी म्हणजे चिंगडी बागानवाल्यांची आणि हिलसा ईस्ट बंगालवाल्यांची, बागान जिंकलं की चिंगडीचा भाव चढतो असं म्हणतात. माशेवाल्याने सांगितलं की आजच घेऊन ठेवा, उद्या परवडणार नाही. नाना मराठीत म्हणाले, "कोलंबी काय यांच्या एकट्यांच्या बापाची आहे का," आणि तेवढ्यापुरतं आम्हाला बरं वाटलं.

दुपारभर खोलीत पंख्याखाली पडलो. मॅच ७:३० ला. आम्ही साडेचारला निघालो, सियालदाहून मेट्रो, मध्ये फुलबागान, मग सॉल्ट लेक स्टेडियम. प्लॅटफॉर्मवरच समजलं. डब्यात आमच्या तिघांशिवाय सगळे हिरवे-मरून, छपरावर हात आपटून गाणी, आणि मध्येच कुणीतरी ओरडायचं "जॉय!" (म्हणजे जय) आणि अख्खा डबा, "मोहनबागान!" दुसऱ्यांदा आम्ही ओठ हलवले. तिसऱ्यांदा नानांनी चक्क म्हटलं. मी डोळे मोठे केले तर म्हणाले अरे गर्दीत काय फरक पडतो.

बाहेर बायपासवर छोटे ट्रक, त्याला तिकडे मॅटाडोर म्हणतात, भरभरून येत होते, हुगळी, नदिया, बर्धमान, कुठून कुठून, ड्रायव्हरच्या टपावर पण पोरं. बाया, म्हाताऱ्या आज्या, कडेवर पोरं घेतलेले बाप. गेटवर पॉवर बँक, नाणी, पाण्याची बाटली सगळं बाहेर. माझ्या बॅगेत जर्सी नव्हती, लॉजवरच ठेवली होती, तरी चेकिंगच्या वेळी छातीत धडधड.

आणि मग जिना चढून आत.

मी हे स्टेडियम टीव्हीवर बघितलंय. टीव्हीवर काही कळत नाही. १९८४ ला उघडलं, १९९७ ला फेडरेशन कपच्या बागान-ईस्ट बंगाल सेमीफायनलला इथे १,३१,७८१ लोक होते, नंतर २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपसाठी खुर्च्या बसवल्या आणि कपॅसिटी कमी झाली, तरी त्या दिवशीचा आकडा ६२,००७ लागला. अंधेरीची सगळी जनता उचलून आणली तर एका कोपऱ्यात संपेल. मैदानाभोवती रनिंग ट्रॅक असल्यामुळे प्लेयर लांब दिसतात, हे मला नाही आवडलं, अंधेरीत आपला विंगर छांगते लाइनवरून पळतो तेव्हा त्याचा श्वास ऐकू येतो असं वाटतं. पण आवाज! आवाजाला ट्रॅकबिक काही आडवं येत नाही.

समोर, खूप लांब, एक छोटा आकाशी ठिपका. आपले लोक. त्यांचा ड्रम हलताना दिसत होता, ऐकू काहीच येत नव्हतं.

आमच्या ओळीत डावीकडे कॉलेजची चार पोरं, तोंडं रंगवलेली. उजवीकडे एक काका, साठीचे, पांढरा बुशशर्ट, गळ्यात स्कार्फ, सोबत मुलगी, ती बँकेत आहे असं नंतर कळलं. नाना काकांच्या बाजूला बसले, मध्ये मी, मग मावसभाऊ पोरांना चिकटून. ठरलं होतं की गोल झाला तर गुडघा दाबायचा. तोंडातून हू की चू नाही. मॅच सुरू झाली आणि लक्षात आलं की गोलपेक्षा जास्त त्रास छोट्या गोष्टींचा होतो. बागानचा प्लेयर पडला की सगळे उठतात, आपल्याला पण उठावं लागतं. रेफ्रीने आपल्या बाजूने फाउल दिला की सगळे शिव्या घालतात आणि आपण काय चेहरा करायचा ते कळत नाही. आपल्या जोरदार टॅकलवर टाळी अर्ध्यात आणून परत मांडीवर ठेवायची. छांगतेचा एक फटका गोलच्या फ्रेमला आदळून बाहेर आला तेव्हा मावसभाऊ "आई गं!" म्हणाला, मोठ्याने, मराठीत. डावीकडच्या पोराने बघितलं. मावसभावाने लगेच पाय धरला, पेटका आल्यासारखा. ऑस्कर द्या त्याला.

४४ व्या मिनिटाला बागानच्या पेत्रातोसने लांबून मारला, आपला गोलकीपर लाचेनपाच्या हातातून सुटला, त्यांचा कमिंग्स तिथेच उभा. १-०. मी आयुष्यात असा आवाज ऐकलेला नाही, आणि ऐकला तो चुकीच्या बाजूने. डावीकडच्या पोराने मला मिठी मारली. मी पण मारली. काय करणार? त्याच्या गालावरचा हिरवा रंग माझ्या राखाडी टीशर्टला लागला आणि मावसभाऊ त्या डागाकडे असा बघत होता की मी क्लब बदलला.

हाफ टाइमला पाण्याचे पाउच आणि झालमुडी. काकांनी नानांना विचारलं, कुठून आलात? नाना थेट म्हणाले, "मुंबई." मी डोळे मिटले. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग अगदी हळू, पोरांना ऐकू जाणार नाही असं, "आपनारा मुंबई थेके?" आणि मग हिंदीत, "सपोर्टर?" नाना म्हणाले, "१९७७ ला कूपरेजवर तुमचा हबीब बघितलाय." बस. पुढची दहा मिनिटं ते दोघं आमच्यात नव्हतेच. काका १९८५ की ८८ च्या रोव्हर्सला मुंबईला येऊन गेले होते, दादरला कुणा नातेवाइकाकडे उतरले होते, कूपरेजच्या बाहेर भेळ खाल्लेली त्यांना अजून आठवते. काकांची मुलगी मला म्हणाली, तुमची काळजी करू नका पण नाचू नका. मी म्हटलं नाचण्यासारखं काही आहे का.

५३ व्या मिनिटाला झालं. आपल्या नोगेराने वरून लांब बॉल टाकला, पेरेरा दियाझ बॅकलाइनच्या मागे, त्यांचा गोलकीपर कैथच्या बाजूने आत. १-१. माझा गुडघा अजून दुखतोय. मावसभावाने नखं रुतवली. मी समोर स्कोअरबोर्डकडे बघत दात दाबून बसलो, आणि बाजूला काका कपाळाला हात लावून, त्यांची मुलगी सरळ माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "सॉरी." ती म्हणाली, "तुमचे कान लाल झालेत."

आता इथे थोडं मागचं सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. बिपिन सिंग. मणिपूरचा पोरगा, आपल्या टीमचा. २०२१ ची फायनल, कोविडमुळे गोव्यात फातोर्ड्याला रिकामं स्टेडियम, समोर हेच, तेव्हा एटीके मोहन बागान नावाने (त्या 'एटीके' या दुसऱ्या क्लबच्या नावावरून यांच्या फॅन्सनी क्लबविरुद्ध किती आंदोलनं केली, शेवटी २०२३ ला नाव काढायला लावलं, हे मात्र मानलं), ९० व्या मिनिटाला बिपिनचा गोल, २-१, कप आपला. मग डिसेंबर २०२३, अंधेरी, ती बदनाम मॅच, सात रेड कार्ड, मारामारी, आणि विनिंग गोल परत बिपिनचा. त्यामुळे सेकंड हाफमध्ये तो बदली म्हणून लाइनवर उभा राहिला तेव्हा गॅलरीत एक वेगळीच कुजबुज झाली. काका नानांना म्हणाले, "ये लडका..." आणि वाक्य सोडून दिलं.

८१ व्या मिनिटाला बॉक्समध्ये गडबड झाली, कुणाचा पाय कुणाचा बॉल काही समजलं नाही, आणि बिपिनने घातला. २-१.

पंखा बंद केल्यावर खोलीतली जी शांतता कानाला लागते ना, तशी शांतता, फक्त साठ हजार लोकांची. आणि त्यात, अगदी बारीक, पहिल्यांदाच, समोरच्या आकाशी ठिपक्याचा ड्रम ऐकू आला. ते ओरडत होते आणि आम्ही तिघं तिथे बसून माना खाली घालून... मला हसू आवरत नव्हतं म्हणून मी टीशर्टमध्ये तोंड घातलं. डावीकडच्या पोराला वाटलं मी रडतोय. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "होबे, होबे, टाइम आछे," म्हणजे होईल, अजून वेळ आहे, असं म्हणत होता. त्या क्षणी मला खरंच स्वतःची लाज वाटली आणि तरी हसू थांबेना, दोन्ही एकदम चालू होतं.

पुढची मिनिटं बागान तुटून पडलं. पेत्रातोस आणि बाकीचे, सगळे पुढे. लोक परत उठले, आणि हे मी अंधेरीत कधी बघितलेलं नाही, हरत असताना आवाज वाढला. आपल्याकडे गोल खाल्ला की पहिला माणूस पार्किंगच्या गर्दीचा विचार करतो. इथे पण काही जण निघाले, पण बहुतेक जण उभे राहून ओरडत होते. त्यांचा कोच हबास टचलाइनवर हात हलवतोय. आणि मग ९०+७ ला, ज्यादा वेळेत, आपला वोइतुश. ३-१. मॅच संपली.

मावसभाऊ उठला. मला वाटलं आता हा ओरडणार. त्याने फक्त हात वर केले आणि आळस दिल्यासारखे खाली आणले. काका नानांना म्हणाले, "भालो खेलेछे, आपनारा भालो खेलेछेन," आणि मग नानांचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडलाच नाही. काकांचे डोळे भरलेले होते. डावीकडच्या पोरांपैकी एक जण खुर्चीवर बसून राहिला, उठायलाच तयार नाही, त्याचे मित्र त्याला ओढत होते. त्याच पोराने मघाशी मला मिठी मारली होती. मी त्याला काही सांगितलं नाही, सांगून काय उपयोग.

कप उचलताना बघायला आम्ही थांबलो. आपला कॅप्टन भेकेने कप वर केला, कागदाचे तुकडे उडाले, आपला कोच क्रात्की हसत होता. डिसेंबरच्या आसपास येऊन अर्ध्या सीझनमध्ये याने टीम उभी केली, मधल्या काळात ग्रेग स्टुअर्ट पण सोडून गेला होता, पण क्रात्कीचं कौतुक फारसं कुणी करत नाही हे माझं जुनं म्हणणं आहे. तोपर्यंत आमची गॅलरी अर्धी रिकामी. मावसभावाने तेव्हा आजूबाजूला बघून, दोन्ही हात तोंडापाशी नेऊन, एकदाच, "मुंबईईई!" मागच्या ओळीतून एका आजोबांनी झापलं. बरोबरच होतं त्यांचं.

बाहेर पडल्यावर चालत निघालो, बेलेघाटाच्या रस्त्याने सियालदापर्यंत, टॅक्सी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मॅटाडोरमध्ये झेंडे गुंडाळून पोरं बसलेली, कुणी गात नव्हतं, पण भांडण नाही, दगड नाही, शिव्या फक्त स्वतःच्याच डिफेन्सला. सियालदा स्टेशनवर नैहाटी, कल्याणी, बारासातच्या लोकल पकडायला हीऽऽ गर्दी, सगळी हिरवी-मरून, आणि उद्या रविवार असल्यामुळे कुणाला घाई पण नाही. एक बाई आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला सांगत होती, शील्ड तर आपलीच आहे ना. मुलगी मान्य करायला तयार नव्हती.

लॉजवर मॅनेजर दारातच उभा. त्याने नानांना उचललं. शब्दशः उचललं. रात्री बाराला कुठूनतरी रसगुल्ल्यांचं मडकं आणलं आणि आख्ख्या मजल्याला वाटले, एका खोलीत मेदिनीपूरचे बागानवाले उतरले होते त्यांच्या दारावर पण टकटक केली, ते मात्र मी थांबवायला गेलो. ते उघडून म्हणाले, द्या. खाल्ले पण.

५ मे, रविवार

उशिरा उठलो. पेपरच्या स्टॉलवर बंगाली पेपरांची पहिली पानं, आम्हाला वाचता येत नाही पण बिपिनचा फोटो वाचायला लिपी लागत नाही. नानांनी दोन पेपर घेतले. मिष्टी दोई, कचोरी, थोडी खरेदी. नानांनी एक हिरवा-मरून स्कार्फ घेतला, मावसभाऊ काहीही बोलला नाही, हे लिहून ठेवतोय.

संध्याकाळी निघायच्या आधी काका हावड्याला आले. आम्ही बोलावलं नव्हतं, नानांनी नंबर दिला होता आणि गाडीची वेळ सांगितली होती. डब्यात बसून अर्धा तास गप्पा. प्लास्टिक क्लबचा विषय मावसभावानेच काढला, राहवलं नाही त्याला. काका म्हणाले आमच्याकडे शंभर वर्षं आहेत म्हणून आम्ही बोलतो, पण कूपरेजवर तुमचीच माणसं यायची ना आम्हाला बघायला, ती काय प्लास्टिकची होती का. मग महिंद्रा, मुंबई एफसी या तुमच्या जुन्या टीम गेल्यावर ती माणसं कुठे गेली? नाना म्हणाले, घरी बसली. त्यावर कुणी काही बोललं नाही कारण ते खरंच आहे, महिंद्रा युनायटेड २००६ ला देशाची चॅम्पियन होती आणि २०१० ला टीमच बंद केली, नानांनी त्यानंतर कित्येक वर्षं ग्राउंडवर पाऊल ठेवलं नव्हतं. कालच्या मॅचने ते मुंबई सिटीचे फॅन झाले असं म्हणणार नाही. पण येताना ट्रेनमध्ये त्यांनी मला विचारलं की अंधेरीचं सीझन तिकीट असतं का काही.

६ आणि ७ मेबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मेल, ऊन, झोप, बिलासपूरला चहा, परत मुंबई.

नंतर बरंच काही झालं. आपला अपुइया पुढच्या सीझनला बागानला गेला, स्टुअर्ट पण तिकडेच, पेरेरा दियाझ बेंगळुरूला. एप्रिल २०२५ मध्ये बागानने शील्डपाठोपाठ त्याच सीझनला कप पण जिंकला तेव्हा काकांनी नानांना फोन केला आणि चाळीस मिनिटं बोलले, त्यातली पस्तीस नाना हसत होते. काका मुंबईला मॅच बघायला येतो म्हणालेत, मुलीला घेऊन. त्यांना पाहुण्या टीमच्या स्टँडमध्ये बसवायचं की आपल्यात, यावर माझं आणि मावसभावाचं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो आपल्यात, बघू दे त्यांना पण गुडघा दाबून बसायला कसं वाटतं.